मुखेडवालीशी भांडण

मुखेडवाली मला कधी आवडली नाही. कुणाच्या दारात उभी राहिली की ‘हाय का कुणी घरात’ असं ती विचारत नसे, थेट आरोप करत असे. ‘माझी चाळणी कुणी नेली गं?’ ‘राख माझ्या दारापुढं कुणी झाडली?’ घरात शिरायची तिची हीच रीत. डावा हात कमरेवर आणि उजव्या हातात जे असेल ते, लाटणं म्हणू नका, विळा म्हणू नका, ते बोलताना हलत राहायचं. आवाज असा की तेरणा नदीपलीकडच्या रानातली माणसं खुरपं थांबवून ऐकायची. पुढे काही लोक तिला मोठ्या मनाची, जीव लावणारी वगैरे म्हणायला लागले. म्हणू देत. मी तिच्या भिंतीला भिंत लावून वाढले आहे, मला कुणी सांगायला नको.

आमचं गाव औसा तालुक्यातलं. आमच्याकडे सून आली की तिचं नाव मागे पडतं आणि माहेरचं गाव तिला चिकटतं. ही मुखेडची म्हणून मुखेडवाली, माझी आई औराद शहाजानीची म्हणून औरादवाली. दोन्ही घरांच्या मधली भिंत एकच होती, दगडमातीची, चांगली रुंद, आणि वर मातीचं जड माळवद. त्या भिंतीतूनही तिचं भांडण आमच्या घरात यायचं. आमच्या चुलीचा धूर, आमच्या कोंबड्या, माझ्या धाकट्या बहिणीचं, छबीचं रडणं, सगळ्यावर तिची तक्रार. आई उलटून बोलायची नाही, तोंडाला पदर लावून हसायची. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुखेडवाली काही झालंच नाही अशा थाटात विरजण मागायला हजर. याचीच मला जास्त चीड यायची. भांडलात ना, मग रागावून बसा की चार दिवस. तिला राग धरताच येत नसे, आणि मला तर तेवढी एकच गोष्ट नीट येते.

गणपती बुडवून गाव झोपलं आणि पहाटे भूकंप झाला. माळवदं खाली आली. तिचा नवरा गेला, मुलगा गेला. मुलगी वाचली, कारण ती मुखेडला मामाच्याच घरात दिलेली होती. आमची छबी गेली. मला आणि आईला लोकांनी बाहेर काढलं. वडील, आमचे अण्णा, एसटीत कंडक्टर होते, त्यांची गाडी त्या रात्री किनवटला मुक्कामी होती म्हणून ते वाचले, आणि त्याबद्दल त्यांनी स्वतःला शेवटपर्यंत माफ केलं नाही. मला त्या पहाटेचं फार आठवत नाही. धूळ आठवते, आणि कुणीतरी मला घोंगडीत गुंडाळलं ते आठवतं.

मग आम्हाला गावाबाहेरच्या माळावर पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. शेडची लांबच लांब लाइन, दिवसा आतून भट्टी. आई पत्र्याकडे तोंड करून बसायची आणि बोलायची नाही. सुरुवातीला कुणाच्या हे लक्षातही आलं नाही, कारण कुणीच फारसं बोलत नव्हतं. अण्णा थोड्या दिवसांनी ड्यूटीवर गेले, त्यांना तिकिटं फाडायला हवी होती, काहीतरी करायला हवं होतं. मी आईच्या शेजारी बसून राहायची. मी तिला पाणी द्यायची, ती प्यायची. मी तिची वेणी घालायची, ती घालू द्यायची. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं की तिचा हात माझ्या डोक्यावर यायचा नाही. लहान पोरीला कळतं तेवढं मला कळत होतं: आई तिथे बसली आहे, पण ती हळूहळू निघून चालली आहे, आणि मला तिला थांबवता येत नाही.

बाहेरगावची माणसं आमची चौकशी करायला यायची. त्यांना नावं ठेवणार नाही, बरी माणसं होती. एक बाई तर रोज आईशेजारी जमिनीवर बसायच्या, तिचा हात हातात घ्यायच्या, झोप लागते का विचारायच्या. आई मान हलवायची. त्या बाई मुखेडवालीकडेही गेल्या. ती त्यांच्यावर खेकसली, “झोप न्हाई लागत, तर काय अंगाई म्हणतीस व्हय?” आमच्या सगळ्या लाइनीत खरी बिघडलेली कोण असेल तर हीच, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. दिवसभर ती एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये भांडण उकरत हिंडायची. याची चादर माझ्या दोरीवर, त्याच्या पोरानं माझी बादली ओढली. माणसं ढिगाऱ्याखालून निघाली होती आणि हिला बादलीचं पडलं होतं.

आता एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे ज्या घरात मयत होते तिथे चूल पेटत नाही. शेजारघरून पिठलं-भाकरी येते, बरोबर कडुलिंबाचा पाला. शेजारीण स्वतःच्या हाताने पहिला घास भरवते. त्याला कडू घास म्हणतात. तो पोटात गेला की माणूस पुढे जेवायला मोकळा होतो, रडायलाही मोकळा होतो. पण त्या वेळी गावात एक घर सुतकाविना उरलं नव्हतं, मग कुणी कुणाला घास न्यायचा? ट्रक यायचे, पुऱ्यांची पुडकी यायची, बिस्किटं यायची. आम्ही ते खाल्लं. कडू घास राहून गेला आणि तो राहिला हेसुद्धा कुणी बोललं नाही.

एका सकाळी मुखेडवाली आमच्या शेडच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हातात काही नव्हतं, म्हणून नुसता हातच हलवत होती.

“औरादवाले! माझा मालक गेला, माझं पोरगं गेलं. तुझ्या घरनं घास न्हाई आला मला. आसली कसली शेजारीण गं तू?”

आई हलली नाही. लोक आपापल्या शेडमधून डोकावायला लागले.

“ट्रकातल्या पुऱ्या गिळून राहिली, आन् शेजारीण उपाशी हाय का मेली, बघायला नको? भिंत होती तवर शेजार होता, भिंत पडली की सपलं व्हय?”

मी मध्ये उभी राहिले. “काकू, जा तुम्ही. आईला बरं नाही.”

“तू सरक, घुमे,” ती मला म्हणाली. मला ती कायम घुमीच म्हणायची. “बरं कुणाला हाय हितं? हिचीच लेक गेली का? हिनं एकटीनंच तोंड शिवून बसायचं, आन् बाकीच्यांनी हिच्याकडं बघून हळू चालायचं?”

हे ऐकून मी तिला दोन्ही हातांनी ढकललं. ती तसूभर हलली नाही. आणि माझ्या मागून आवाज आला. इतक्या दिवसांनी आल्यामुळे मला तो आईचा आहे हे आधी कळलंच नाही.

“तू आणलास का?”

“काय?”

“माझ्या छबीचा घास तू आणलास का? तोंड वर करून मला इचारतीस? तुझ्या घरनं आला का?”

“न्हाई आणला! तू आधी आण.”

“तू आधी आण! तू मोठी हायेस!”

“मोठी कुणाला म्हणतीस गं?”

आणि आई उठली. तिथे, त्या उन्हात, माझी मुकी झालेली आई आणि मुखेडवाली आधी कुणी आणायचा यावरून एकमेकींच्या अंगावर धावून गेल्या. शेजारच्या शेडमधली बाई आईच्या बाजूने बोलायला आली, पलीकडची मुखेडवालीच्या बाजूने, आणि मग त्यांना आठवलं की त्यांच्याही घरी घास आलेला नाही. पाहता पाहता सगळी लाइन भांडायला लागली. कुणी कुणाची शेजारीण, जुन्या गावात कुणाचं दार कुणाच्या समोर होतं, कुणी कुणाकडे घास न्यायला हवा होता. म्हातारी माणसं म्हणाली, सुतकातल्या घरानं दुसऱ्या सुतकाच्या घरी रांधून न्यायचं नसतं. मुखेडवाली त्यांच्यावर उलटली, “मंग बिनसुतकाची बाई कुठनं आणू? दावा की एक!”

दुपारपर्यंत प्रत्येक शेडपुढे तीन दगडांची चूल पेटली. वाटपात आलेलं पीठ, वाटपात आलेलं बेसन. कॅनॉलवरच्या लिंबाच्या डहाळ्या पोरांनी ओरबाडून आणल्या. भाकऱ्या वाकड्यातिकड्या, काही करपलेल्या, कारण परात कुणाकडेच नव्हती. मग बाया एकमेकींकडे निघाल्या, झाकलेलं ताट घेऊन, मधल्या वाटेत एकमेकींना ओलांडून. आईने मुखेडवालीला घास भरवला. मुखेडवालीने आईला भरवला. त्या घासावर आई जी रडायला लागली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही, आणि मुखेडवाली तिच्या पाठीवर हात ठेवून तिच्याइतकीच मोठ्याने रडत होती.

मला कुणी भरवलं? मुखेडवालीने. आई रडत होती म्हणून. माझा जबडा धरून, अंगठा आत घालून तिने तो पालामिश्रित गोळा कोंबला. “थुकलीस तर दुसरा देईन,” म्हणाली.

त्या दिवशी आई वाचली, हे मला मान्य आहे. पण मनातलं सांगायचं तर मला त्या दिवशी आनंद झाला नाही, राग आला. पाणी मी देत होते. वेणी मी घालत होते. मांडीवर डोकं ठेवून मी वाट पाहत होते. आणि आईचा पहिला शब्द गेला त्या भांडखोर बाईला. उरलेली लेक मी होते की नाही? हा राग मी कुणाला सांगितला नाही, आणि मुखेडवालीला मी माफ केलं नाही.

पुढे पुनर्वसनाचं नवं गाव झालं. पाटीवर आखल्यासारखे सरळ रस्ते, सुटी सुटी घरं, प्रत्येकाच्या चारी बाजूंनी मोकळी जागा. आमचं घर एका टोकाला आलं, तिचं दुसऱ्या टोकाला. मला हायसं वाटलं. पण बाई उन्हातान्हात सगळं गाव तुडवत यायची आणि फाटकातूनच सुरू व्हायची, “तुमच्या शेळीनं माझ्या आळ्यातला वेल खाल्ला!” तिच्या घरापर्यंत जायचं तर आमच्या शेळीला शिदोरी बांधून द्यावी लागली असती. आईही ओरडायची, “माझी शेळी दावणीला हाय, डोळं फुटलं का तुझं?” मग दोघी ओट्यावर बसून चहा प्यायच्या.

अण्णांची बदली लातूर डेपोला झाली आणि आम्ही शहरात आलो. तिकडे तेव्हा क्लासेसचं पीक जोरात आलं होतं. गल्लीगल्लीत घरांवर मजले चढले, मजल्यांवर खोल्या, खोल्यांत किनवटपासून देगलूरपर्यंतची पोरं-पोरी. मीही शिकून अशाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायला लागले. लग्नानंतरही लातूरलाच राहिले, नवरा नांदेडला नोकरीला. म्हटलं, मुखेडवाली एकदाची मागे राहिली. कसली मागे राहते! तिच्या भाच्याने आमच्याच गल्लीत, आमच्या बरोबर समोर, मुलींसाठी खोल्या बांधल्या आणि देखरेखीला कुणाला आणून बसवावं?

त्या खोल्यांमध्ये मुली राहायच्या म्हणजे दारं लावून बसायच्या. दारात डबा यायचा, हात बाहेर यायचा, डबा आत जायचा. एकीला दुसरीचं नाव माहीत नाही, मार्क मात्र माहीत. यात हदगावची एक मुलगी होती, माझ्याच बॅचची. चाचणीत खाली गेली आणि क्लासला यायची बंद झाली. मी फोन केला, उचलला नाही. जाऊन दार वाजवलं, तर ‘मॅडम, डोकं दुखतंय’ एवढंच. दाराबाहेर दोन वेळचे डबे तसेच पडलेले होते.

त्या दिवशी मुखेडवालीने तिच्या दारावर बुक्क्या मारल्या. “ए हदगाववाले! माझा साबण दे!”

मी गॅलरीतून ऐकत होते. मुलगी आतून म्हणाली, मी नाही घेतला. “न्हाई कशी? मोरीत तूच गेली होतीस. चोरटी कुठली!” चोरटी म्हटल्यावर दार धाडकन उघडलं. ती मुलगी रडत ओरडायला लागली. बाकीची दारंही उघडली. ‘आजी, तुम्ही काहीही काय बोलता?’ म्हणून सगळ्या पोरी म्हातारीवर तुटून पडल्या. मुखेडवाली एकटी आणि समोर सगळा मजला, आणि ती अशी फुललेली की विचारू नका. संध्याकाळी पाहिलं तर त्या मुली जिन्यावर दाटीवाटीने बसून म्हातारीची नक्कल करत होत्या, आणि हदगावची कुणाच्या तरी डब्यातलं खात होती. दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली.

मी मुखेडवालीला गाठलं. “मुद्दाम केलंत ना?”

“काय मुद्दाम? साबण खरंच गेला माझा,” ती म्हणाली, “आन् अजून घावला न्हाई.”

तिचं खरं होतं की खोटं, मला आजतागायत माहीत नाही. म्हणूनच तिला कुणी थोर म्हटलं की माझं डोकं फिरतं. गेला असेल साबण!

अण्णा गेले तेव्हा मी घाबरले होते की आई पुन्हा गप्प होईल. पण समोर मुखेडवाली होती, त्यामुळे आईला गप्प बसायला फुरसत मिळाली नाही. मग लातूरला पाण्याचे हाल झाले तो उन्हाळा आला. टँकरच्या रांगेत कुणाची घागर पुढे यावरून दोघींचं वाजलं, नेहमीसारखंच. मात्र या वेळी आई खरोखर दुखावली. मुखेडवाली म्हणून गेली होती, “तुझा नवरा किनवटला झोपला होता म्हणून वाचला, म्हणून तुला पाणी भरून द्यायला माणूस होता इतकी वर्षं.” आईने बोलणं टाकलं. मुखेडवाली रोज समोरून ओरडायची, चाळणी मागायची, शिव्या द्यायची. आई खिडकी लावून घ्यायची. त्यातच मुखेडवालीला अर्धांगाचा झटका आला. तिची मुलगी येऊन तिला गाडीत घालून मुखेडला घेऊन गेली. आई गॅलरीत उभी राहून बघत होती, खाली उतरली नाही.

त्यानंतर आई भिंतीकडे तोंड करून बसायला लागली. मी ओळखलं. डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या, झोप थोडी सुधारली. बोलणं परत आलं नाही. पुन्हा मी पाणी द्यायची, वेणी घालायची. शेवटी एका रविवारी मी शिरूर ताजबंदला गाडी बदलून मुखेडला गेले. ज्या बाईचं तोंड बघायची मला इच्छा नव्हती तिला, आमच्या घरी येऊन भांडा, अशी विनवणी करायला.

ती बाजेवर पडलेली होती. एक बाजू गेलेली, तोंड जरा वाकडं. जीभ मात्र जागेवर होती.

“आली का घुमी.”

“काकू, आई बोलत नाही.”

“मंग मी काय करू?”

“तुम्ही चला. मी गाडी करते.”

“हागायला दोघं उचलून नेतेत मला, आन् ही मला लातूरला न्यायली. तू कशाला हायेस? तू भांड.”

“मला नाही भांडता येत.”

“येतंय. परकरात होतीस तवापासून डूख धरून हायेस माझ्यावर. मला काय दिसत न्हाई व्हय? काढ की भाईर.”

मी नाही म्हटलं. तिने मला घुमी म्हटलं, भित्री म्हटलं, आईवर ओझं झालेली म्हटलं. आणि मग माझा तोल गेला. तिच्या मुलीसमोर, नातवंडांसमोर मी तिला सगळं ऐकवलं. तिने माझी आई पळवली, आईचा पहिला शब्द माझा होता तो तिने खाल्ला, अण्णांच्या वाचण्यावरून घाण बोलली. एका लुळ्या म्हातारीवर मी ओरडत होते आणि मला थांबता येत नव्हतं. तिची मुलगी मला आवरायला धावली, तर मुखेडवालीने चांगल्या हाताने तिलाच मागे लोटलं.

“बोलू दे तिला. लई दिवसानं कुणी भांडायला आलं. ही सगळी ‘हाव आज्जी, हाव आज्जी’ करून राहिलेत. गोड बोलून मारतेत मला.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “पर हे मला का सांगून राहिलीस? मी काय तुझी आई हाय? जिचं हाय तिला जाऊन सांग.”

निघताना मी तिच्या पाया पडले नाही. तिनेही थांब म्हटलं नाही. ती आमची शेवटची भेट.

घरी आले. आई तशीच बसलेली. मी चप्पलही काढली नाही. म्हटलं, “भूकंपानंतर तू माझ्याशी का बोलली नाहीस? मी जिवंत होते. मी रोज तुझ्याजवळ बसत होते. तुला मी दिसत नव्हते? छबीच तेवढी तुझी होती?” छबीचं नाव मी घरात इतक्या वर्षांत प्रथमच घेत होते. आई वळली नाही. मी तिचा खांदा धरून हलवला. “आत्ता सांग. का नाही बोललीस?”

“बोलले असते तर तू काय इचारलं असतंस?” आई भिंतीलाच म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरचा हात काढला.

“छबी कुठंय, हेच ना? काय सांगणार हुते मी तुला? तुझ्याच कुशीत होती ती. गेली होती, तरी तू सोडत नव्हतीस. तुझी बोटं एकेक करून मी सोडवली. मोडत्यात का काय, असं वाटलं मला. तू शुद्धीत नव्हतीस.” आई आता माझ्याकडे वळली, डोळे लाल, आवाज चढलेला. “तुझ्या हातातनं काढून नेली मी तिला! आन् तुझ्याशी बोलू? कुठल्या तोंडानं?”

“मग इतकी वर्षं सांगायचं नाही?”

“तू इचारलंस का कधी? घुम्यासारखी बसायचीस!”

“मी लहान होते!”

“मी काय म्हातारी होते?”

आम्ही दोघी रडत ओरडत होतो, ओरडत रडत होतो. समोरच्या खोल्यांतल्या मुली दारं उघडून बघायला आल्या. मी खिडकी लावली नाही.

मुखेडवाली त्याच पावसाळ्यात गेली. आई म्हणते, ती होती म्हणून आपण माणसांत राहिलो, तिच्याबद्दल जरा चार शब्द चांगले लिही. मी म्हटलं, जमणार नाही, जशी होती तशी लिहीन. आई भडकली. म्हणाली, तुझ्या मनाचा कोतेपणा गेला नाही. मी म्हटलं, अण्णांबद्दल ती काय बोलली ते विसरलीस का? यावर तिने मला जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. हे लिहीत असताना ती आतल्या खोलीतून अजून बोलतेच आहे, आणि मला उत्तर द्यायला उठायला हवं.